टोटोबोलाची चावी

माझ्या टेबलाच्या खणात तळहाताएवढा एक कागद आहे. घड्या पडून पडून मधोमध विरलेला. त्यावर तेरा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे तीन चौकोन: १, एक्स, २. यजमान जिंकतील असं वाटलं तर १ वर फुली, बरोबरी होईल असं वाटलं तर एक्सवर, पाहुणे बाजी मारतील असं वाटलं तर २ वर. डाव्या कडेला संघांची नावं हाताने लिहिली आहेत, जुन्या शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात. फुल्या मात्र निळ्या बॉलपेनने अशा दाबून मारल्यात की कागद उलटा करून बोट फिरवलं तर एकेक फुली बोटाला लागते.

हा टोटोबोलाचा कागद. फुटबॉलच्या निकालांचा अंदाज बांधायचा हा खेळ पोर्तुगालमध्ये सप्टेंबर १९६१ मध्ये सुरू झाला. लिस्बनच्या सांता कासा द मिझेरिकॉर्दिया या जुन्या धर्मादाय संस्थेने तो सुरू केला आणि आजही तीच चालवते. त्यानंतर तीनच महिन्यांनी गोवा मुक्त झाला, म्हणजे किती जुनी गोष्ट ते लक्षात येईल. तेराच्या तेरा निकाल ओळखायचे. सगळे सामने संपल्यावर बरोबर उत्तरांची जी ओळ जाहीर होते, तिला तिथे 'शाव' म्हणतात. शाव म्हणजे आपली चावी. शब्द तोच. कधीकाळी जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि आपल्या कमरेला खोचला गेला. पोर्तोच्या एका कॅफेत कुणीतरी "चावी आली का?" असं विचारताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा क्षणभर मला सावंतवाडीचं घर दिसलं. मागच्या दाराच्या कोनाड्यात ठेवलेली चावी दिसली.

२०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं मी पोर्तो शहरात नोकरीनिमित्त राहिले. घर बेसा मैदानापासून चालत सात मिनिटांवर. शहर पोर्तो असलं तरी तो भाग एफसी पोर्तो या मोठ्या क्लबाचा नव्हे, त्याच शहरातल्या बोआविश्ता या दुसऱ्या क्लबाचा. काळ्या-पांढऱ्या चौकटींची जर्सी, बुद्धिबळाच्या पटासारखी. कोपऱ्यावरच्या कॅफेत मी रोज सकाळी सिंबालिनु घ्यायची. एस्प्रेसोला बाकीचा देश काहीही म्हणो, पोर्तोतली जुनी माणसं एका जुन्या कॉफीयंत्राच्या नावावरून त्याला अजून सिंबालिनुच म्हणतात. खिडकीजवळच्या टेबलावर एक आजोबा बसलेले असायचे. ट्रामवर कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेले. मी त्यांना 'सेन्योर' म्हणायची, ते मला 'मनीना', म्हणजे मुली. मनात मात्र मी त्यांना आजोबाच म्हणायची, इथेही तेच म्हणते.

पहिल्याच ऑगस्टमध्ये मी त्यांना विचारलं, "यंदा चॅम्पियन कोण?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते पेपरवाले सांगतातच की. तीन नावं आहेत, त्यातलंच एक येणार. तू मला बाराव्या ओळीत काय होणार ते विचार."

बाराव्या ओळीत तोंदेला आणि मोरेइरेन्स होते. दोन्ही गावांची नावं मी तोवर ऐकलेली नव्हती.

"बेनफिकापुढे १ ची फुली सगळा देश मारतो," ते म्हणाले. "त्या फुलीने कुणाचं घर चालत नाही. चावी फिरते ती इथे." आणि त्यांनी बाराव्या ओळीवर बोट ठेवलं.

पोर्तुगालच्या लीगबद्दल मला जे काही कळलं आहे, ते त्या बोटापाशी सुरू होतं. दर वर्षी जुलै संपत आला की मी नव्या हंगामाचे अंदाज मांडते. आज ३० जुलै २०२५, आणि २०२५-२६ चा हंगाम दाराशी आलाय. उद्या, ३१ जुलैला, अल्गार्वमध्ये स्पोर्टिंग आणि बेनफिका सुपर कपसाठी भिडतील, आणि पुढच्या आठवड्यात लीग सुरू होईल. पण अंदाज सांगायच्या आधी या लीगचं कुलूप किती घट्ट आहे ते सांगायला हवं.

ही लीग १९३४-३५ मध्ये सुरू झाली. नव्वद वर्षांत बेनफिका ३८ वेळा, पोर्तो ३० वेळा आणि स्पोर्टिंग २१ वेळा विजेते झाले. या तिघांना तिथे 'ओश त्रेश ग्रांदेश' म्हणतात, तीन थोर. त्यांच्याबाहेर विजेतेपद गेलं ते फक्त दोनदा. १९४५-४६ मध्ये लिस्बनचा बेलेनेन्सिश आणि २०००-०१ मध्ये बोआविश्ता. दोनच. इंग्लंड-स्पेनची लीग बघणाऱ्या आपल्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, मग त्यात बघायचं काय? मला नेमकं उलटं वाटतं. जिथे कुलूप इतकं घट्ट असतं, तिथे ते उघडल्याची गोष्ट माणसं आयुष्यभर उराशी धरून बसतात.

आजोबा १८ मे २००१ ला बेसावर होते. त्या दिवशी बोआविश्ताने देश्पोर्तिवु दश आविशला ३-० असं हरवलं आणि एक सामना शिल्लक असतानाच विजेतेपद पक्कं केलं. प्रशिक्षक झाइमे पाशेकु. गोलमध्ये रिकार्दु, मध्यफळीत पेतित, गोल करायला ब्राझीलचा सिल्वा, आणि चेंडू पायात आला की सगळं मैदान शांत करणारा बोलिव्हियाचा एर्विन सांचेझ. आजोबा ही नावं अशी घ्यायचे जशी आमच्याकडे वारीहून आलेली माणसं वाटेतल्या मुक्कामांची नावं घेतात, क्रम न चुकवता. शेवटचा सामना पोर्तोविरुद्ध होता, तो बोआविश्ताने ४-० असा गमावला. तरी ७७ गुणांवर ते पहिले, आणि पोर्तो ७६ वर दुसरे. एका गुणाने. त्याच वर्षी बेनफिका सहावा आला, त्यांच्या इतिहासातला सगळ्यात वाईट हंगाम.

"कुणी सांगितलं होतं का हे आधी?" मी विचारलं होतं.

आजोबा म्हणाले, "सांगितलं असतं तर आम्हीच त्याला वेड्यात काढलं असतं. डिसेंबरपर्यंत आम्ही आपापसातही बोलत नव्हतो. बोललं की दृष्ट लागते."

बेलेनेन्सिशची गोष्ट मी वाचून जाणते, म्हणून तीवर फार रेंगाळत नाही. बेलें म्हणजे लिस्बनचा नदीकाठचा तो भाग, जिथून १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजं निघाली. त्या जहाजांच्या शिडांवर असायचा तसा ख्रिस्ताचा क्रूस बेलेनेन्सिशच्या निळ्या जर्सीवर आहे. २०१८ मध्ये मी पोर्तोत असतानाच या क्लबाचे दोन तुकडे झाले. फुटबॉलची कंपनी एकीकडे गेली, मूळ क्लब दुसरीकडे. कंपनीकडे वरच्या लीगमधली जागा राहिली. क्लबाकडे रेश्तेलुचं मैदान, क्रूस आणि माणसं राहिली, आणि त्यांनी अगदी तळाच्या जिल्हा लीगमधून पुन्हा सुरुवात केली. कॅफेतल्या टीव्हीवर त्या तळाच्या सामन्यांना जमलेली गर्दी दाखवत होते. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गर्दी क्रुसाकडे गेली बघ."

कुलूप इतकं घट्ट का, याचं उत्तर बरंचसं पैशात आहे. युरोपातल्या बहुतेक लीग टीव्हीचे हक्क एकत्र विकतात आणि पैसे वाटून घेतात. पोर्तुगालमध्ये अजून प्रत्येक क्लब आपापले हक्क आपण विकतो. मग बेनफिकाच्या ताटात काय पडणार आणि अरोकाच्या ताटात काय, हे सांगायला नको. २०२१ मध्ये सरकारने कायदा केला की २०२८-२९ च्या हंगामापासून हक्क एकत्रच विकले गेले पाहिजेत. माझा सगळ्यात धाडसी अंदाज खरं तर त्या वर्षापासूनच्या दहा हंगामांबद्दल आहे: त्या दहा वर्षांत चौथा विजेता येईल. हे मी आजच लिहून ठेवते.

दुसरं कारण माणसांच्या मनात आहे. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात जा, बेनफिकाचं एक 'घर' असतं. घरच म्हणतात, कासा दु बेनफिका. आत लाल झेंडे, एक छोटा बार, भिंतीवर मोझांबिकमध्ये जन्मलेला तो महान एउसेबिओ. छोट्या गावातला माणूस गावच्या संघाला टाळ्या वाजवतो आणि मनातून बेनफिकाचा असतो. याला अपवाद असं एकच मोठं गाव मी पाहिलं, गिमाराईश. जुन्या तटाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'इथे पोर्तुगाल जन्मला'. पहिला राजा अफोन्सु हेन्रिकेश तिथला, तिथल्या व्हितोरिया क्लबाच्या बोधचिन्हावर तोच, मैदानालाही त्याचंच नाव. तिथे शाळकरी पोरांच्या पाठीवर मला बेनफिकाची जर्सी दिसली नाही. एका बाईंनी मला सांगितलं, "आमच्याकडे मूल आधी व्हितोरियाचं होतं, मग त्याचं नाव ठेवतात." माझ्या मते चौथा विजेता व्हायचा अधिकार याच गावाचा आहे. अधिकार आणि शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला ठाऊक आहे, तरीही.

शक्यतेच्या बाबतीत ब्रागा पुढे आहे. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवरचा शेजारी आणि हाडवैरी. २००९-१० मध्ये दुसरा आला, बेनफिकाच्या पाच गुण मागे. पुढच्या वर्षी डब्लिनला युरोपा लीगची अंतिम लढत खेळला. त्यांचं मैदान बघायला तरी प्रत्येकाने जावं. एदुआर्दु सोतु द मोउरा या वास्तुविशारदाने ते दगडाच्या खाणीत उभं केलंय. दोनच बाजूंना प्रेक्षक, आणि एका गोलच्या मागे सरळ उभा काळाकभिन्न कातळ. पाऊस पडत असताना मी तिथे एक सामना पाहिला. कातळावरून पाण्याच्या रेघा उतरत होत्या आणि मला आंबोलीचा घाट आठवत होता.

एक गोष्ट मात्र मी त्या दोन वर्षांत शिकले. या लीगमध्ये अंदाज चुकतो तेव्हा तो अर्धवट चुकत नाही. ११ मे २०१३ ची रात्र तिथे कुणीही अजून विसरलेलं नाही. बेनफिका दोन गुणांनी पुढे, तोवर एकही सामना न हरलेला, दोनच सामने बाकी, आणि सामना पोर्तोच्या द्रागाउं मैदानावर. बरोबरी झाली तरी विजेतेपद जवळपास हातात. ९० मिनिटं झाली तेव्हा १-१ होतं. भरपाईच्या वेळेतल्या दुसऱ्या मिनिटाला केल्विन नावाच्या एकोणीस वर्षांच्या बदली खेळाडूने डावीकडून चेंडू मारला आणि तो दूरच्या खांबाजवळून आत गेला. बेनफिकाचे प्रशिक्षक जॉर्ज जेझुश कडेला उभे होते. ते जागीच गुडघ्यांवर बसले. तो फोटो मी अनेक कॅफेंत चिकटवलेला पाहिलाय, पोर्तोत अर्थात. चार दिवसांनी अॅमस्टरडॅममध्ये चेल्सीने भरपाईच्याच वेळेत गोल करून युरोपा लीग नेली. महिना संपायच्या आत गिमाराईशने शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल करून पोर्तुगालचा चषकही नेला, त्या क्लबाचा पहिलावहिला. मेच्या सुरुवातीला ज्यांनी तीन कपांचे अंदाज छापले होते, त्यांच्या बेनफिकाकडे महिनाअखेर एकही नव्हता.

आणि स्पोर्टिंग! २००२ नंतर एकोणीस वर्षं त्यांना लीग जिंकता आली नव्हती. त्यांच्या पाठीराख्यांचं एक वाक्यच झालं होतं, "पुढच्या वर्षी नक्की." आपण विसर्जनाला ज्या आवाजात 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो ना, तो आवाज. निरोपाचा, पण सोडून न देणारा. मग मार्च २०२० मध्ये त्यांनी रुबेन अमोरिमला ब्रागाकडून तब्बल एक कोटी युरो मोजून आणलं. एका प्रशिक्षकासाठी एवढी रक्कम, आणि वरच्या लीगमधला अनुभव जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्याला विचारलं गेलं की हे बिघडलं तर काय? त्याने उत्तर दिलं, "आणि जमलं तर?" वर्षभराने, ११ मे २०२१ ला, स्पोर्टिंगने विजेतेपद पक्कं केलं. समोर संघ होता बोआविश्ता. मी तेव्हा पुण्यात परतले होते, बाहेर लॉकडाऊन होता. आजोबांना फोन केला तर म्हणाले, "हरलो, पण त्या पोरांचं बघून बरं वाटलं. किती वर्षं ताटकळले ते."

हा लेख मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात लिहायला घेतला होता. ३ जुलैला बातमी आली की दियोगु जोता आणि त्याचा धाकटा भाऊ आंद्रे स्पेनमध्ये सामोराजवळ मोटार अपघातात गेले. दियोगु अठ्ठावीस वर्षांचा, आंद्रे पंचवीसचा. दियोगुच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते. गोंदोमार, त्यांचं गाव, पोर्तोला लागूनच. थोरला लिव्हरपूलला पोचलेला, धाकटा दुसऱ्या विभागातल्या पेनाफिएलमध्ये खेळत होता. म्हणजे एकाच घरात लीगची पहिली ओळही होती आणि बारावीही. त्यानंतर बरेच दिवस मला अंदाज-बिंदाज लिहवेना. कॅफेच्या मालकीणबाईंनी व्हॉट्सअॅपवर एवढंच लिहिलं होतं, "आज टीव्ही बंद ठेवलाय."

आता लिहिते.

माझं पहिलं म्हणणं असं की यंदा पोर्तो विजेता होईल. गेल्या हंगामात ते स्पोर्टिंगच्या ११ गुण मागे, तिसरे होते. जानेवारीत एक प्रशिक्षक गेला, जूनमध्ये क्लब विश्वचषकात एकही सामना जिंकता आला नाही म्हणून दुसरा गेला. आता आलाय फ्रांचेस्को फारिओली, छत्तीस वर्षांचा इटालियन, तत्त्वज्ञान शिकलेला. मेमध्ये याच माणसाच्या हातून आयाक्सचं डच विजेतेपद निसटलं. पाच सामने बाकी असताना नऊ गुणांची आघाडी होती, आणि शेवटी ते एका गुणाने मागे पडले. त्यामुळे तिकडची निम्मी माणसं त्याच्याकडे संशयाने बघतायत. मला तो संशय चुकीचा वाटतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि या लीगमध्ये फुंकून पिणाराच जिंकतो. तळाच्या संघांविरुद्ध १-० ने जिंकता येणं, तेही जानेवारीच्या चिखलात, हेच इथलं खरं कौशल्य. त्यातून पुढे सामू आहे, ज्याने गेल्या वर्षी लीगमध्ये १९ गोल केले, आणि मध्यफळीत कोपनहेगनहून आणलेला फ्रोहोल्ट. एकोणीस वर्षांचा हा डॅनिश मुलगा थांबतच नाही. बोआविश्ताच्या गल्लीत राहिलेल्या मुलीने पोर्तोचं नाव घ्यावं हे आजोबांना रुचणार नाही. पण अंदाज मांडायचा तर मनात आहे तेच मांडायला हवं.

स्पोर्टिंगबद्दल सगळे एकच प्रश्न विचारतात: ग्योकेरेश गेला, आता गोल कोण करणार? चार दिवसांपूर्वी तो आर्सेनलला गेला. दोन वर्षांत १०२ सामन्यांत ९७ गोल, त्यातले ३९ गेल्या एका लीग हंगामात. असा माणूस जातो तेव्हा घरातली तुळई काढल्यासारखं वाटतं. पण मला वाटतं स्पोर्टिंगचे गोल फारसे कमी होणार नाहीत. पेद्रु गोन्साल्विश, ज्याला सगळे पोते म्हणतात, त्याने २०२०-२१ मध्ये मध्यफळीतून येऊन २३ गोल केले होते आणि लीगमध्ये पहिला आला होता. एकाने घेतलेलं ओझं तिघे-चौघे वाटून घेतील. रुई बोर्जेश यांचा संघ दुसरा येईल, आणि शेवटच्या महिन्यापर्यंत पोर्तोचा पिच्छा सोडणार नाही.

बेनफिकाच्या बाकावर नाताळाला दुसराच माणूस बसलेला असेल. प्रशिक्षक ब्रुनो लाज यांच्याविषयी माझं काही वाईट मत नाही. पण ऑक्टोबरमध्ये क्लबाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे, आणि निवडणुकीच्या वर्षात एक पराभवसुद्धा दहा पराभवांएवढा मोठा दिसतो. लाज स्वतःही गेल्या सप्टेंबरात असेच अधेमधे आले होते.

इथवरच्या सगळ्या पहिल्या ओळी. आता खाली येते, कारण माझा जीव तिथे आहे.

गेल्या १७ मेच्या रात्री स्पोर्टिंगने गिमाराईशला २-० ने हरवून विजेतेपद घेतलं. लिस्बन रस्त्यावर उतरलं. पण त्याच पराभवाने गिमाराईशची पुढच्या हंगामात युरोपीय स्पर्धेत खेळायची जागा गेली. आणि स्पोर्टिंगच्या बाकावर जे बोर्जेश होते, ते डिसेंबरपर्यंत गिमाराईशच्याच बाकावर होते. इतका कडू घास मी फुटबॉलमध्ये क्वचित पाहिलाय. यंदा तिथे लुईश पिंतु आलेत, ज्यांनी तोंदेलाला दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं. मी म्हणते, यंदा गिमाराईश ब्रागाच्या वर संपवेल. ब्रागाकडे पैसा जास्त आहे, कतारचीही गुंतवणूक आहे. तरीही.

गिमाराईशची ती जागा घेतली सांता क्लाराने. अझोर्स बेटांवरचा, पोंता देल्गादाचा संघ. लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटर, मध्ये नुसता अटलांटिक. बाहेरचा प्रत्येक सामना म्हणजे विमानप्रवास. दुसऱ्या विभागातून वर आल्याच्या पहिल्याच हंगामात ते पाचवे आले. कुणाच्याही कागदावर ती फुली नव्हती. आता ते युरोपच्या पात्रता फेऱ्या खेळतायत, आणि जाणकार म्हणतात की दोन्हीकडची ओढाताण त्यांना झेपणार नाही. मी त्यांना पुन्हा पहिल्या सहांत धरते. बेटावरच्या माणसांना प्रवासाची भीती घालण्यात अर्थ नसतो.

तोंदेला परत आलंय, माझी बारावी ओळ. ते टिकतील. आल्वेर्का एकवीस वर्षांनी वर आलंय, लिस्बनजवळच्या तेजु नदीकाठचं गाव, विमानदुरुस्तीच्या कारखान्याचं. तेही टिकतील. मग खालच्या विभागात कोण जाणार? एक नाव घेताना मला त्रास होतो: आविश, म्हणजे एव्हीएस. विला दश आविश नावाच्या छोट्या गिरणगावातला संघ. २००१ मध्ये बेसावर ३-० ने हरलेला तो देश्पोर्तिवु दश आविश याच गावचा. मे २०१८ मध्ये, मी तिथे असताना, त्या क्लबाने अंतिम सामन्यात स्पोर्टिंगला २-१ ने हरवून पोर्तुगालचा चषक जिंकला. पाचच दिवस आधी स्पोर्टिंगच्या सरावकेंद्रावर घुसून काही गुंडांनी खेळाडूंना मारहाण केली होती, तो संघ मनाने मोडलेलाच मैदानात उतरला होता. पण आविशच्या माणसांना त्याचं काय? आमच्या कॅफेत तिथले दोन गिरणी कामगार आले होते, रडत होते आणि सगळ्यांना बिअर पाजत होते. दोन वर्षांत तो क्लब कर्जात बुडाला आणि वरच्या फुटबॉलमधून नाहीसा झाला. २०२३ मध्ये दुसऱ्या गावच्या क्लबाची जागा उचलून तिथे आणली गेली आणि नव्या नावाचा संघ उभा राहिला. मैदान तेच, गाव तेच. चषक मात्र जुन्या नावाच्या कपाटात. हा संघ यंदा खाली जाईल असं मला वाटतं, आणि हा एक अंदाज खोटा ठरला तर मी साखर वाटेन.

आणि बोआविश्ता. यंदाच्या अठरा संघांत बोआविश्ता नाही. मेमध्ये ते तळाला, अठरावे संपले. वर्षानुवर्षांचं कर्ज, नवे खेळाडू घ्यायला बंदी, पगार थकलेले. मग दुसऱ्या विभागात खेळण्याचा परवानाही मिळाला नाही, आणि आता थेट पोर्तो जिल्ह्याच्या स्पर्धेची भाषा चालली आहे. चोवीस वर्षांपूर्वीचा देशाचा विजेता, २००३ मध्ये युएफा कप या युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी खेळलेला. २००८ मध्येही त्यांना खाली ढकललं होतं, तेव्हा सहा वर्षांनी ते परत आले. या वेळी किती वर्षं लागतील याचा अंदाज मी बांधत नाही.

तीन दिवसांपूर्वी मालकीणबाईंना व्हिडिओ कॉल केला. रविवार होता, तिकडे सकाळ. त्यांनी फोन खिडकीजवळच्या टेबलावर नेला. आजोबा बरेच वाकलेत. मी माझे सगळे अंदाज त्यांना वाचून दाखवले. पोर्तोच्या नावाला त्यांनी हात झटकला. सांता क्लाराला मान डोलावली. आविशचं नाव आल्यावर म्हणाले, "ते लिहू नकोस, मुली." मी म्हटलं, लिहिलंय. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

मग मी विचारलं, "आणि तुमचं काय, सेन्योर? यंदा तर तुमच्या कागदावर बोआविश्ता येणारच नाही."

त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला, टोटोबोलाचाच. तेरा ओळींना हात लावला नाही. सगळ्यात खाली, जिथे काहीच छापलेलं नसतं तिथे, त्यांनी पेनाने एक ओळ आखली. सावकाश, बोटाच्या आधाराने. बाजूला 'बोआविश्ता' लिहिलं. समोर संघाचं नाव लिहिलं नाही, जिल्ह्याचं वेळापत्रक अजून लागलेलं नाही. मग तीन चौकोन काढले, हाताने काढलेले, थोडे वेडेवाकडे. आणि १ वर फुली मारली. पेन इतकं दाबलं की टेबल हललं, आणि कपातली कॉफी बशीत सांडली.